घरधणी नसलेली भिंत : पिठोरो, कलादालन आणि एका क्युरेटरचे निर्णय

पार्श्वभूमी

ही घटना बडोद्यातल्या एका क्युरेटरच्या, म्हणजे कलाप्रदर्शनं उभी करणाऱ्या बाईच्या, कामातली आहे. तिच्या संमतीने लिहिते आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. या प्रकल्पातले करारनामे आणि नोंदी माझ्याकडे होत्या, म्हणून बहुतेक बैठका मी जवळून पाहिल्या. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो, इथेही तसंच म्हणते.

ताई दांडिया बाजारातल्या मराठी घरातली. शिक्षण महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत, कलेतिहास विषयात. बडोद्यात वाढलेल्या माणसाला चितारलेल्या भिंतींचं अप्रूप नसतं. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, एकोणिसाव्या शतकातला, आतल्या भिंती कथाप्रसंगांनी भरलेल्या. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, 1939 ते 1946 या काळात झालेली. पण बडोद्याच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, छोटाउदेपूरच्या बाजूला राठवा आदिवासींच्या घरांमध्ये असलेली पिठोरोची, म्हणजे देवांच्या विधीसाठी चितारलेली, भिंत ताईने पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिची पदवी हातात आली होती. हा भाग 2013 पर्यंत बडोदा जिल्ह्यातच होता. आपल्याच जिल्ह्यातली चित्रपरंपरा अभ्यासक्रमात इतकी थोडी का, हा प्रश्न तिने तेव्हा धरला आणि पुढचं सगळं काम त्यातून निघालं.

तिच्यासमोर वाट अगदीच नव्हती असं नाही. बडोद्यातच शिकलेल्या हकू शाहांनी 1968 मध्ये कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांच्यासोबत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातल्या ‘अननोन इंडिया’ प्रदर्शनासाठी काम केलं होतं. 1982 मध्ये भोपाळच्या भारत भवनात चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी आदिवासी चित्रकारांना शहरी चित्रकारांच्या बरोबरीने, त्यांच्या नावानिशी जागा दिली. गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम आणि भील चित्रकार भूरीबाई हे तिथूनच पुढे आले. 1998 मध्ये ज्योतीन्द्र जैन यांनी दिल्लीत ‘अदर मास्टर्स’ हे लोक आणि आदिवासी कलाकारांचं प्रदर्शन केलं. म्हणजे चित्राखाली नुसती जमात न लिहिता माणसाचं नाव लिहायचं, ही लढाई ताईच्या आधीच्या पिढीने बरीचशी लढून ठेवली होती. याच क्षेत्रातला सर्वांत बोचरा प्रसंगही तिला पाठ होता: 2001 मध्ये जपानमधल्या मिथिला संग्रहालयात काम करत असताना झालेला जनगढ यांचा मृत्यू. ‘कलाकाराला परदेशी पाठवणं म्हणजे त्याचं भलं करणं’ हे वाक्य ती कधीच सहज बोलत नसे.

मधल्या काळात एका शिष्यवृत्तीवर ती ऑस्ट्रेलियाला गेली. तिथे दोन गोष्टींनी तिच्या कामाला दिशा दिली. एक म्हणजे कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनातलं ‘अ‍ॅबोरिजिनल मेमोरियल’: रामिंगिनिंग या मूळनिवासी वस्तीतल्या कलाकारांनी चितारलेल्या पोकळ ओंडक्यांच्या 200 शवपेट्या, गोऱ्यांची वसाहत सुरू झाली त्या 1788 पासून 1988 पर्यंतच्या दोनशे वर्षांतल्या प्रत्येक वर्षासाठी एक. त्यामागचे जॉन मंडीन हे स्वतः मूळनिवासी, आणि त्या वस्तीत राहून काम करणारे कलासल्लागार. दुसरी गोष्ट पापुन्या या मूळनिवासी वस्तीची. तिथल्या वाळवंटातल्या चित्रकारांनी 1971 च्या सुमारास विधीतल्या खुणा बोर्डांवर रंगवायला सुरुवात केली. त्यातल्या काही खुणा दीक्षा न झालेल्यांनी पाहायच्या नव्हत्या. आक्षेप आले, आणि पुढच्या चित्रांतून चित्रकारांनी त्या खुणा काढल्या किंवा झाकल्या. सुरुवातीचे काही बोर्ड आजही सरसकट दाखवले जात नाहीत. ताई परत आली ती हा धडा घेऊन: आदिवासी कला दाखवताना आधी विचारायचं, काय दाखवायचं नाही.

धडा खरा होता. पण तो दुसऱ्यांच्या घरचा होता.

प्रस्ताव

स्वतंत्र क्युरेटरला पगार नसतो, प्रकल्प असतात. एक संपला की दुसरा मिळेपर्यंत ताई शिकवण्या करायची, कॅटलॉगचं लिखाण करायची. राठवा, भील आणि वारली चित्रकारांसोबत तिने लहान लहान प्रदर्शनं केली होती, जाणकारांत तिचं नाव होतं. मोठी संधी मात्र आली नव्हती.

ती आली युरोपातल्या एका संग्रहालयाकडून. जगभरातल्या मूळनिवासी समाजांच्या भित्तिचित्रांचं प्रदर्शन ठरत होतं आणि भारताचा विभाग ताईने उभा करायचा होता. पहिला टप्पा बडोद्यातल्या एका खासगी कलादालनात सहा आठवडे, दुसरा त्यांच्याकडे मुख्य दालनात. अट एकच, पण तिच्यावरच सगळं उभं होतं: बडोद्याच्या दालनाच्या भिंतीवर संपूर्ण पिठोरो व्हावा, विधीसकट, निमंत्रितांसमोर, आणि त्याचं चित्रीकरण व्हावं. नंतर तीच मंडळी तिकडे जाऊन पुन्हा तेच करतील.

पिठोरो ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. घरात आजारपण हटत नाही, गुरं मरतात, मूल होत नाही, पीक हातचं जातं, असं काही झालं की राठवा घरधणी बडव्याकडे जातो. बडवा म्हणजे देव अंगात येणारा जाणता. तो कारण सांगतो, घरधणी पिठोरो बसवायची बाधा, म्हणजे नवस, घेतो आणि ऐपत येईल तेव्हा ती फेडतो. कधी त्याला वर्षं लागतात. ओसरी आणि आतलं घर यांच्यामधली भिंत मुख्य. लग्न न झालेल्या मुली ती शेणामातीने सारवतात, वर पांढऱ्या मातीचा हात देतात. रंगांत दूध आणि मोहाची दारू मिसळते. चित्र काढतात ते लखारे, सगळे पुरुष, गटाने. घोड्यांची रांग हा त्याचा प्राण: पिठोरो आणि पिठोरीच्या लग्नाला निघालेले देव. भोवती शेत नांगरणारा, ताक घुसळणारी, ताडावर चढलेला, आणि हल्ली रेल्वे, विमानसुद्धा. चित्र झालं की अंगात आलेला बडवा एकेक आकृती तपासतो. राहिलं असेल ते लखाऱ्याकडून भरून घेतो. मग बळी, आणि गावजेवण. त्या घराची बाधा फिटते.

संग्रहालयाच्या पत्रात यातलं बहुतेक सगळं होतं. घरधण्याची ओळ तेवढी नव्हती.

अडचण कुठे होती

ताईने नेहमीच्या शिस्तीने तयारी केली. कोणत्या आकृत्यांचे फोटो नकोत, कोणता भाग बाहेरच्यांनी पाहू नये, चित्रीकरण कुठे थांबवायचं, अशी प्रश्नांची यादी केली. ज्येष्ठ लखाऱ्यांच्या ओसरीत बैठक झाली. ते साठीच्या पुढचे, बऱ्याच घरांचे पिठोरो त्यांच्या हातचे. ताई त्यांना काका म्हणते, ते तिला बेन. बोलणं गुजराती-राठवीत चाललं होतं. सोबत त्यांचा पुतण्या होता, तोही लखारा, बारावीपर्यंत शिकलेला, हस्तकला मेळ्यांत प्लायवूडवर पिठोरोची चित्रं विकणारा.

यादीतल्या पहिल्याच प्रश्नावर काका हसले. फोटो काढा की, म्हणाले. सारं गाव येतं, जेवतं, तुम्ही पाहिलंत तर काय बिघडतं? लपवण्यासारखं काही नव्हतं. ताईच्या यादीतले बहुतेक प्रश्न तिथेच निकालात निघाले.

मग त्यांनी विचारलं, “पण बेन, त्या भिंतीचा घरधणी कोण?”

ताई म्हणाली, दालन ट्रस्टचं आहे.

“ट्रस्टला काय दुखतंय?”

हा टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्याच्यावर काही ओढवलं नाही, ज्याने बाधा घेतली नाही, त्याच्या भिंतीवर देवांना बोलावून करायचं काय? आणि बोलावलेच, तर सहा आठवड्यांनी त्या भिंतीला पांढरा रंग कोण देणार? घरात बसवलेला पिठोरो असा उठवता येत नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. ताई गुपिताचा प्रश्न घेऊन गेली होती, समोर आला देण्याघेण्याचा. पापुन्याच्या चित्रकारांना कोणी पाहू नये याची काळजी होती. इथे बघणाऱ्याला मज्जाव नव्हता, हवा होता तो कोणीतरी ऋणी माणूस. ‘मूळनिवासी कला’ या एकाच खणात दोन्ही ठेवल्या की हा फरक पुसला जातो. आणि तो खण क्युरेटरला फार सोयीचा असतो: एका समाजाशी वागण्याची रीत शिकलो की सगळ्यांशी वागता येईल असं वाटू लागतं.

पर्याय

सर्वांत सोपा पर्याय पुतण्याने त्याच बैठकीत मांडला. बोर्डांवर काढू. लखारे विक्रीसाठी बोर्ड, कापड, कागद यांवर पिठोरोतले घोडे आणि प्रसंग गेली कित्येक वर्षं काढत आलेत. पिठोरो चित्रकार परेश राठवा यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर गावोगावच्या तरुणांना ही वाट दिसते आहे. काकांचाही त्याला विरोध नव्हता. बोर्डावर बडवा येत नाही, म्हणून तो पिठोरो नव्हे, ते चित्र. हे त्यांच्या मनात इतकं स्वच्छ होतं की तेवढ्या स्पष्टपणे मला कुठल्या परिसंवादातही ऐकायला मिळालेलं नाही. पण संग्रहालयाला बोर्ड नको होते. बोर्ड बाजारात मिळतात, त्यांना ‘अस्सल’ हवं होतं.

दुसरा पर्याय संग्रहालयाने सुचवला: आमची संस्था प्रतीकात्मक घरधणी होईल. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बडव्याला विचारतो म्हणाले. बडव्याचा निरोप दोन शब्दांचा होता: दुखणं सांगा.

तिसरा पर्याय अधिक मोहात पाडणारा होता. शेजारच्या पाड्यावर एका घरधण्याची बाधा राहिलेली होती. बळी, जेवण, लखाऱ्यांचा मान, पाहुणे, सगळ्याचा खर्च त्याला झेपत नव्हता. संग्रहालय म्हणालं, खर्च आम्ही करतो, विधी त्याच्याच घरी होऊ द्या, आम्ही चित्रीकरण करू. वरवर यात सगळ्यांचं भलं दिसत होतं. आमच्या गटात यावरून खडाजंगी झाली. दालनाच्या विश्वस्तांपैकी एक गृहस्थ, जुन्या बडोद्यातले, मनाने भले, म्हणाले, “अगं, त्या माणसाची अडचण सुटते आहे, तुझं काम होतं आहे. नाही म्हणण्यात कुणाचं हित?”

पुतण्याला स्वतःला हवा होता तो चौथा पर्याय त्याने शेवटी, जरा संकोचत सांगितला. मला दालनात भिंतभर काम करायचंय, पण पिठोरो नाही. माझं.

निर्णय

पहिला निर्णय ताईने त्याच रात्री घेतला: दालनात पिठोरो होणार नाही. संग्रहालयाला मात्र तिने तो लगेच कळवला नाही. काही तोडगा निघेल या आशेने काही आठवडे गेले. त्याचे परिणाम पुढे येतील.

तिसऱ्या पर्यायावर तिला जास्त झगडावं लागलं. ती त्या घरधण्याला जाऊन भेटली. मदत हवी का असं त्याला विचारण्याआधी तिने काकांना विचारलं, बाहेरच्याने खर्च केला तर चालतं का? ते म्हणाले, भाऊबंद देतात, सोयरे देतात, पाहुणा आपल्या हाताने काही आणतो. पण सगळंच एकाने केलं, तर बाधा फेडली कुणी? ताईने संग्रहालयाचा पैसा नाकारला. त्या हिवाळ्यात घरधण्याने सोयऱ्यांच्या मदतीने आपल्या ताकदीने पिठोरो बसवला. आम्ही पाहुणे म्हणून गेलो, पाहुणे देतात तेवढं दिलं, जेवलो. फोटो काढले ते त्याला विचारून.

मला हा तिच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण निर्णय वाटतो. पैसा नाकारताना ती एका गरीब माणसाच्या वतीने तर ठरवत नव्हती ना, हा प्रश्न उरतो. तिचं उत्तर असं की तिने घरधण्याच्या वतीने काहीच ठरवलं नाही. चित्रीकरणाच्या बदल्यात विधी विकत घ्यायचा नाही, हे तिने फक्त स्वतःपुरतं आणि संग्रहालयापुरतं ठरवलं. हे उत्तर मला पटतं. तरी घरधण्यासमोर हा प्रस्ताव तिने मांडलाच नाही, ही गोष्ट त्याने पुरती मिटत नाही.

चौथा पर्याय तिने पूर्ण बळ लावून पुढे नेला. पुतण्याने आणि त्याच्या दोन साथीदारांनी दालनात मोठं काम करायचं, सोबत काकांच्या गटाचे बोर्ड आणि त्या घरच्या भिंतीची छायाचित्रं. दालनाने सुरुवातीला चित्रकारांना रोजंदारी देऊ केली, राहणं-जेवण वेगळं. ताईने आधीच्या वर्षी त्याच दालनात फाइन आर्ट्सच्या तरुण चित्रकारांना दिलेल्या मानधनाचे कागद काढून समोर ठेवले. तोच दर इथे लागू झाला, एक तृतीयांश आगाऊ. आगाऊ रक्कम महत्त्वाची होती. पिकं निघाली की गावातले बरेच जण बांधकामाच्या किंवा शेतमजुरीच्या कामाला सौराष्ट्राकडे, सुरतेकडे जातात. मुकादमाची उचल आधी घेतली की माणूस बांधला जातो, मग प्रदर्शन कसलं!

भिंतीचा प्रश्न साहित्याने सोडवला. थेट भिंतीवर न काढता आठ बाय चारच्या प्लायवूडच्या चौकटी भिंतीला बसवल्या. नुसती शेणमाती प्लायवर टिकेना, एसी चालू झाला की तडे जायचे. शेवटी प्लायवर गोणपाट ताणून फेविकॉलने चिकटवला, त्यावर मातीचे पातळ हात दिले, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. आता काम सुटं करून नेता येत होतं, कुणाला त्यावर चुना फिरवायची गरज नव्हती. हे नुसतं सुताराचं काम नव्हतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये काढून टाकलं, आणि 2005 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत दिले. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 नुसार आपल्या कृतीची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो, कृती विकली तरी. भिंत दुसऱ्याची आणि चित्र आपलं, हा तंटा मुळातच टाळलेला बरा.

करार माझ्याकडे होता, म्हणून एक मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण आदिवासी चित्रकारांच्या प्रदर्शनांत तो हमखास निसटतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 असं म्हणतं की मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे दालनाने पैसे देऊन बोर्ड काढून घेतले आणि कागदावर काहीच लिहिलं नाही, तर चित्र काढणाऱ्याच्या हातात कॉपीराइट उरत नाही. आम्ही ‘कॉपीराइट चित्रकारांकडेच राहील’ हे वाक्य सर्वांत वर घातलं. करार गुजरातीत केला आणि ओसरीत बसून राठवीत वाचून दाखवला. काकांनी दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलं.

राहिला नावांचा प्रश्न. सगळ्यांची नावं लिहायची, हे ताई गृहीत धरून होती. पुतण्याला आपलं नाव मोठ्या अक्षरात हवं होतं, आणि ते रास्तच होतं. बोर्डांवर आपलं आणि गटातल्या सगळ्यांचं नाव लिहायला काकाही तयार झाले. पण घरच्या भिंतीच्या छायाचित्राखाली त्यांनी आपलं नाव लिहू दिलं नाही. “तो त्या घराचा पिठोरो. त्याचं नाव लिहा.” काकांच्या लेखी लखारे तिथे कामाला आलेले होते, बाधा घरधण्याची. ताईने चटकन होकार दिला नाही, कारण नावासाठी झालेल्या सगळ्या लढाईच्या हे उलट जात होतं. अखेर लेबलं दोन प्रकारची झाली. बोर्डांखाली चित्रकार, छायाचित्राखाली घरधणी, त्याच्या संमतीने. एकाच दालनात दोन नियम का, याचा खुलासा प्रवेशाशी गुजराती, मराठी आणि इंग्रजीत लावला.

निष्पत्ती

संग्रहालयाला नकार उशिरा कळल्यामुळे ते दुखावले. मुख्य दालनाची जागा भारताच्या विभागाकडून गेली. त्यांनी चार बोर्ड एका लहान खोलीसाठी घेतले, ताईचं पद अतिथी क्युरेटरवरून सल्लागारावर आलं, मानधनही त्याच प्रमाणात. तिच्या कारकिर्दीला हा मोठा फटका होता. पुढची दोन-तीन आमंत्रणं ज्या ओळखींतून यायची त्या तिथेच थंडावल्या.

बडोद्यातलं प्रदर्शन मात्र झालं, आणि चांगलं झालं. पुतण्याच्या मोठ्या कामात मुकादमाच्या टेम्पोत दाटीवाटीने उभी माणसं, त्यांच्या डोक्यावर पोटल्या, आणि टेम्पोच्या पुढे-मागे घोडे, पण एकाही घोड्यावर स्वार नाही. देव मी बोलावलेच नाहीत, मग बसवू कुणाला, असं तो पाहायला आलेल्यांना सांगायचा. ते काम शहरातल्या एका संग्राहकाने घेतलं. काकांच्या गटाचे जवळपास सगळे बोर्ड विकले गेले. काही पाहुणे ‘खरा पिठोरो कुठे आहे’ असं विचारत आणि खुलासा वाचून नाराज होऊन जात. याउलट बडोद्यातच बांधकामावर काम करणारी राठवा कुटुंबं रविवारी येत, मुलांना उचलून एकेक आकृती दाखवत. दालनाच्या रखवालदाराला सुरुवातीला ते कोण, कुठून आले हे कळेना. नंतर तोच त्यांना खुर्च्या आणून देऊ लागला.

आणि मग पिशव्यांचं प्रकरण झालं. दालनाच्या दुकानात काकांच्या एका बोर्डावरचा घोडा छापलेल्या कापडी पिशव्या विकायला आल्या. करारात ‘प्रसिद्धीसाठी छायाचित्रं वापरता येतील’ असं एक कलम होतं. दालनाचं म्हणणं, पिशवी ही प्रसिद्धीच. आमचं म्हणणं, पिशवीला किंमत लावली की ती विक्री. ऑस्ट्रेलियात 1994 मध्ये मूळनिवासी चित्रकारांच्या नक्षी विनापरवाना विणलेल्या गालिच्यांचा खटला गाजला होता, व्हिएतनाममध्ये विणून आणलेल्या. न्यायालयाने चित्रकारांना भरपाई दिली. ताईने तो दाखला विश्वस्तांसमोर ठेवला. कोर्टात जावं लागलं नाही. पिशव्या थांबल्या, विकलेल्यांचा हिशेब करून रक्कम गटाला दिली गेली. काका रागावले ते पैशावरून नाही. घोड्याला एकट्याला वरातीतून उचललं कशाला, हे त्यांना कळत नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

संग्रहालयाला नकार पहिल्याच आठवड्यात कळवायला हवा होता, यावर ताई आणि आमचं एकमत आहे. तेव्हा त्यांच्या मांडणीला आकार यायचा होता, दुसरं काही सुचवता आलं असतं. ‘घरधणी नाही, म्हणून पिठोरो नाही’ हेच प्रदर्शनाचं सूत्र म्हणून मांडता आलं असतं. माझ्या मते ते मुख्य दालनाला अधिक शोभलं असतं.

‘प्रसिद्धी’ या एका शब्दावर कलम सोडायला नको होतं. आता आम्ही निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्र, कॅटलॉग, समाजमाध्यमं असं एकेक लिहितो, आणि विकायच्या कुठल्याही वस्तूसाठी वेगळा लेखी करार लागेल असंही. कुठला हक्क दिला, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशात, हेही घालतो. कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कलम 53 अ प्रमाणे चित्रकाराला वाटा मागता येतो, हे करारासोबत वाचून दाखवतो.

यादी घेऊन जाण्याबद्दल आमचं एकमत नाही. एक सहकारी म्हणतो, आधीचा अनुभव बाजूला ठेवून मोकळ्या हाताने जावं. मला हे पटत नाही. ताईजवळ यादी होती म्हणूनच काकांचा नकार तिला नेमका कळला. यादीतलं काय लागू पडत नाही हे कळायलाही यादी लागते. मात्र पहिली बैठक प्रश्नांची नसावी. समोरच्याला आधी विचारू द्यावं. काकांचा प्रश्न पहिल्याच भेटीत आला तो त्यांच्या स्वभावामुळे. दुसरं कोणी असतं तर भिडेखातर हो म्हणून गेलं असतं, आणि विधी दालनात उरकला गेला असता.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच राहिली, आणि ती काकांच्या सुनेने दाखवली. प्रदर्शन पाहून जाताना ती ताईला म्हणाली, माती कुणी घातली ते कुठेच लिहिलं नाही. प्लायवरचे मातीचे हात तिने आणि पाड्यावरच्या दोन मुलींनी दिले होते. गोणपाटाची युक्ती पुतण्याची, पण मातीत शेण किती आणि पाणी किती हे तिलाच जमलं होतं. दालनाने त्यांना रोजंदारी दिली, कारण त्या अंदाजपत्रकात ‘सुतारकाम आणि पृष्ठभाग’ या ओळीत बसल्या होत्या. चित्र पुरुषांनी काढायचं ही पिठोरोची रीत. पण जे काम पिठोरो नव्हतंच, त्यातही ती रीत आम्ही न विचारता चालू ठेवली. भूरीबाईंनी भोपाळमध्ये रंग हातात घेतल्याला चार दशकं झाली, तरी इथे कुणी त्या तिघींना विचारलं नाही, तुम्हाला काढायचं आहे का.

पुढच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात भिंत तयार करणाऱ्यांची ओळ आता चित्रकारांच्या शेजारी आहे, त्याच दराने, आणि लेबलावर नावांसाठी जागा ठेवली आहे. सुनेला स्वतःचा एक बोर्ड करायचा आहे, त्यावर काय असेल ते तिने अजून सांगितलेलं नाही. मुलींची नावं द्यायची की नाही हे त्यांच्या आयांशी बोलून ठरेल. ते बोलणं होळीनंतर, कवांटचा मेळा उरकला की.